वहींतील पुण्य

आम्ही मराठी शाळेंत असतांना एक वही बाळगीत असूं. केलेलीं सत्कृत्यें डाव्या पानावर व घडलेले अपराध उजव्या पानावर लिहावयाचे आणि शनिवारीं रात्रीं हिशेब करावयाचा, असा आमचा नेम होता. जमेची बाजू मोठी ठरली म्हणजे रविवारीं उपासनेस मान ताठ करून बसावें. नाहीं तर प्रार्थनेस तोंडही उघडूं नये. एके शनिवारीं उजवें पान पार भरलें. लाजेनें आम्ही जेवावयास गेलों नाहीं. आईनें ती वही पाहिली व इतकेंच विचारलें, "बाळ, आजवर तुला जेवूं घातलें, तें काय ही वही पाहून?"

'विश्वासानें तारण' या शब्दांचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनीं उमगूं लागला, तेव्हां तें वाक्य आठवलें. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत पौल सांगतो कीं, तारण हें देवाचें दान आहे, कर्मांचें वेतन नव्हे. विश्वास म्हणजे तें दान घेण्यास पुढें केलेला रिकामा हात.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. परंतु आपणांस धर्म लाभला, ख्रिस्त लाभला नाहीं, हें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानीं आलें. एवढी विदुषी, एवढी सेवा, तरी अंतःकरणास स्वस्थता नाहीं! शेवटीं केवळ विश्वासानेंच तें निवालें, अशी साक्ष त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे.

कोणी म्हणेल, तारण जर फुकट मिळतें, तर सत्कर्में कशाला? याचें उत्तर बाईंच्या पुढील आयुष्यांत आहे. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार स्त्रिया व मुली आणून त्यांना आश्रय दिला; केडगांवास 'मुक्ति' उभी केली; आणि मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर १९२२ सालीं मृत्यु येईतों चालविलें. हें सारें तारण मिळावें म्हणून नव्हे, तें मिळालें म्हणून.

परीक्षेंतील गुण मात्र श्रमानेंच मिळतात, हें आमच्या बालमित्रांनीं विसरूं नये! परंतु नापास झालेल्या मुलालाही घराचें दार उघडेंच असावें, एवढी त्यांच्या वडीलमंडळीस आमची विनंति आहे.

त्या रात्रीं आम्ही पोटभर जेवलों. दुसरे दिवशीं पहांटे, कोणी न सांगतां, विहिरीवरून आईसाठीं पाणी भरून आणलें. तें कोणत्याही पानावर लिहिलें नाहीं.