अडकलेले सेल

सध्या मुक्काम लेकीकडे, न्यू जर्सीत. परवा गॅरेज आवरताना नातवाचा मेटल डिटेक्टर सापडला. २०२२च्या उन्हाळ्यात आम्ही आजोबा-नातवाने त्याने समुद्रकिनाऱ्याची वाळू विंचरून काढली होती. कमाई काय, तर शीतपेयांच्या डब्यांच्या ढीगभर कड्या, २७ सेंट आणि एक गंजका चमचा. (चमचा त्याने अजून जपून ठेवलाय!)

बटण दाबलं, यंत्र ढिम्म. झाकण कसंबसं उघडलं. आत ६ पेन्सिल सेल, त्यांतले दोन फुगून घट्ट बसलेले, टोकांना पांढरी भुकटी.

"सेल काढून ठेवायचे एवढंही कळत नाही तुला?" लेक मुलावर कडाडली. तो गप्प. मीही गप्पच बसलो.

खरं म्हणजे ते सेल मीच घातले होते. चार नवे आणि दोन टॉर्चमधले जुने. "अजून जीव आहे त्यांत, टाकायचे कशाला?" असं वर ऐकवलंही होतं. मी भाषेचा मास्तर, पण आता वाचून एवढं कळलं की एकाच माळेत असे सेल घातले की जुने आधी संपतात आणि नवे त्यांच्यातून वीज रेटत राहतात. आत हायड्रोजन साचतो, सेल फुगतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची भुकटी होते. म्हणजे काटकसर नडली.

नातवाला हाताशी घेतलं. दोघांनी चष्मे लावले, रबरी हातमोजे घातले. तो स्क्रूड्रायव्हर खुपसणार तेवढ्यात मी ओरडलो. सेलला भोक पडलं तर आतला क्षार डोळ्यांतच जायचा. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावलं, भुकटी फसफसली. थोडं थांबून यंत्र उलटं धरून तळहातावर हलकेच आपटलं. चार सेल निघाले. पाचवा आइस्क्रीमच्या काडीने उचकटला. सहावा मात्र हट्टी. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा वाट पाहणं. ओढायचा नाही, थोडा थोडा गोल फिरवायचा.

तो फिरवता फिरवता म्हटलं, "अरे, हा जुना सेल माझा. चूक तुझी नाही."

"माहितीये आजोबा. तुम्हीच म्हणाला होतात ना, जीव आहे म्हणून."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

त्याने खांदे उडवले. तेवढ्यात सेल निघाला.

रात्री जेवताना लेकीला सगळं सांगितलं. "मग तेव्हाच का नाही बोललात, बाबा?" म्हणाली. मी ताटातली भेंडी संपवली.

पट्ट्या ओल्या कापसाने पुसून, वाळवून, पॉलिश पेपरने घासल्या आहेत. एक स्प्रिंग मात्र गंजून तुटली. ती मिळाली की ६ नवे सेल आणायचे. सगळे एकाच पाकिटातले.