रांगेतला शेवटचा

पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटाला लागून किंबे उपसागर आहे. तिथल्या प्रवाळावरच्या एका समुद्रपुष्पाच्या अगदी कडेला हा राहतो. पेर्क्युला जातीचा क्लाऊनफिश, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. मधल्या दाट भुजांमध्ये ऐसपैस वावरते ती मालकीण. तिच्याखालोखाल तिचा नवरा, मग आणखी दोघं. आपले हे महाशय सगळ्यांत शेवटी. त्यांची सारी धडपड शेवटचा नंबर टिकवण्यासाठी असते.

इथवर पोचला हेच नवल. अंडी होती तोवर बापाने आठवडाभर राखण केली, पर हलवून त्यांना ताजं पाणी दिलं. एका रात्री अंधार पडल्यावर अंडी फुटली आणि बापाचं काम संपलं. चार मिलिमीटरचा हा जीव थेट उघड्या समुद्रात. अकराएक दिवस तो तिथे प्लवकांत होता. खात होता, आणि स्वतः खाल्ला जात नव्हता.

अशी पोरं प्रवाह नेईल तिकडे जातात, असं मत्स्यतज्ज्ञ बरीच वर्षं धरून चालले होते. मग किंबे बेटाभोवतीच्या माद्यांना बेरियमचं एक विशिष्ट समस्थानिक टोचलं गेलं. ते अंड्यांत उतरलं आणि पिल्लांच्या कानातल्या इवल्या खड्यांत साठून राहिलं. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला: त्या बेटावर वस्तीला आलेल्या क्लाऊनफिशच्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के तिथलीच होती. ते राखीव क्षेत्र केवढं, तर ०.३ चौरस किलोमीटर! समुद्र पालथा घालून पोरं पुन्हा आपल्याच आळीत. प्रवाळाजवळ कोळंब्यांच्या नांग्यांचा अखंड कडकडाट चालू असतो, आणि समुद्रपुष्पाला स्वतःचा वास असतो. अशा खुणा धरून ती येतात.

येतात तीही रात्रीच. दिवसा कोण उतरणार? प्रवाळावर नव्याने उतरलेल्या निरनिराळ्या जातींच्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या एक-दोन दिवसांतच कुणाच्या तरी पोटात जातात. याला मात्र दंश करणाऱ्या भुजांचा आडोसा मिळाला. त्या भुजा इतर माशांना लुळं करतात. याच्या अंगावरच्या बुळबुळीत लेपामुळे याला धरत नाहीत. एव्हाना अंगावर पांढरे पट्टेही उमटू लागलेत. ते किती लवकर उमटायचे हे घर कुठल्या जातीच्या समुद्रपुष्पात मिळालं यावर ठरतं, आणि सूत्रं थायरॉईडच्या हाती असतात.

घर मिळालं, पण घरचे? ही मंडळी त्याची कुणीच लागत नाहीत. आई-बाप-मुलं असं चित्र आपण भाबडेपणाने डोक्यात घेऊन बसतो. प्रत्यक्षात हे सरकारी कचेरीतल्या सेवाज्येष्ठता यादीसारखं आहे. फरक एवढाच की इथे ज्येष्ठता अंगलटीवरून कळते. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतच या माशांची मापं घेतली, तेव्हा दिसलं की प्रत्येक जण आपल्या लगेच वरच्याच्या साधारण ८० टक्के लांबीचा असतो. खालचा आपली वाढ आवरून धरतो. वरच्याच्या बरोबरीला आला की वरचा त्याला हाकलणार, आणि बाहेर हाकललेल्या पिल्लाचं काय होतं ते वर आलंच आहे. याला कुणी लाचारी म्हणेल. मला तो पक्का व्यवहार वाटतो. दुसरं घर शोधायचं तर उघड्यावरून पोहत जायचं, आणि तिथेही बहुधा यादी भरलेलीच.

जागा रिकामी होते ती वरूनच. मालकीण मेली की नवरा मादी होतो, हो, अगदी अंडी घालणारी मादी. यादीतला तिसरा वाढून तिचा जोडीदार बनतो, आणि मागचे एकेक पायरी वर सरकतात. तेवढी वाढ मग आपल्या शेवटच्यालाही माफ असते. मालकीणबाई ३० वर्षं जगू शकतात, असा हिशेब बस्टन यांनीच मांडला आहे.