कानात सांगायचं नाव

कनेरगाव नाका,
10 मार्च

चि. सुनील आणि सौ. मनीषा,


जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तकाचा आदेश हाती पडला, लेकरू आता कायद्यानंही तुमचं झालं. फोनवर मला रडूच आलं, बोलायचं राहून गेलं. म्हणून लिहिते.

काकांचं मनाला लावून घेऊ नका. "भावकीतलं पोरगं घेतलं असतं तर जमीन घरात राहिली असती," असं ते अजून म्हणतात. दत्तक म्हणजे पिंडाला हात आणि सातबाऱ्याला नाव, हेच त्यांनी जन्मभर पाहिलं. मुलगी दत्तक घ्यायची मोकळीकसुद्धा कायद्यानं दिली ती 1956 साली. घराला वारस शोधायचे. लेकराला घर शोधावं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आज सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. शाळेत मुलं शेणाच्या माऱ्यावर बोलली, मी त्यांच्या दत्तक मुलावर, यशवंतावर बोलले. नाडल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी जोतिरावांनी 1863 मध्ये पुण्यात घर उघडलं. तिथं आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा दोघांनी 1874 मध्ये दत्तक घेतला. तो कुणाचा, हे लपवलं नाही. 1890 मध्ये जोतिराव गेले, तेव्हा भाऊबंदांनी टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेतलं मडकं, धरायच्या यशवंताच्या हक्कावरून वाद घातला. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हाती घेतलं आणि त्या अंत्ययात्रेपुढं चालल्या. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्यानं हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला. तिथंच, मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घालून आणताना, सावित्रीबाईंना लागण झाली. पोटी मूल नसलेल्या बाईचा शेवट हा असा, दुसऱ्याचं लेकरू पाठीशी आणि दत्तक घेतलेला लेक उशाशी. हे सांगताना माझा आवाज फुटेना.

आता एकच मागणं. आपल्या लेकीला लहानपणापासून खरं सांगा, गोष्टीसारखं, मांडीवर घेऊन. माझ्या वर्गातल्या एका पोरीला, आपण दत्तक आहोत हे, दहावीत असताना लग्नाच्या पंगतीत कळलं. वाढणाऱ्या बाईच्या तोंडून निसटलं. पोर हातातला घास ताटात ठेवून उठली. पुढं दोन महिने आईशी बोलली नाही. मी जवळ घेतलं तर म्हणाली, "बाई, साऱ्या गावाला ठाऊक होतं, मलाच नव्हतं." पोटची नसल्याचं तिला एवढं लागलं नाही, जेवढं हे लागलं. काका, शेजारी, शाळा, कुणी ना कुणी बोलणारच. त्यांच्या आधी तुम्ही बोला.

बारसं इथंच करायचं. रेल्वेनं या, मी ठेसनावर असेन. आईच्या जुन्या लुगड्याची चार दुपटी शिवून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवलीत. पाळण्याची एक कडी ढिली होती, ती बसवून घेतली. काकूला मी बोलावलंय. ती येते म्हणाली, काकांचं अजून ठरत नाही.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो माझा आहे.

तुमची,
अक्का