हरलेल्यांची माती

हिवाळ्यात जपानमध्ये बेसबॉलचे सामने नसतात. आठवणींच्या वस्तूंचा बाजार मात्र चालू असतो. टोकियोच्या जिम्बोचो भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आम्ही बेसबॉलची मासिके निवांत चाळली. ८६८ होमरन करणाऱ्या सादाहारू ओह यांच्या सहीचा चेंडू आमच्या ऐपतीबाहेरचा होता.

मग ओसाकाजवळचे, १९२४ साली बांधलेले कोशिएन मैदान पाहिले. तिथल्या शालेय स्पर्धेत हरलेली मुले मैदानाची माती पिशवीत भरून घरी नेतात. आमच्या धाकट्याला शाळेच्या संघातून वगळल्यापासून तो बॅटला शिवत नव्हता. त्याच्यासाठी साधा चेंडू घेतला आणि ही हकीकत सांगितली.

“अब्बा, ती माती ते ठेवतात कुठे?” त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी असरनंतर तो बॅट घेऊन बाहेर पडला. अल्हम्दुलिल्लाह!