आईचं बोट आणि यादीतली ओळ

मोबाईलमध्ये यादीतल्या एखाद्या ओळीवर बोट टेकवलं की ती ओळ क्षणभर रंग बदलते. आपल्यापैकी कुणी तिकडे लक्षही देत नसेल. मी ॲप बनवूनच पोट भरतो, पण त्या रंगाचं महत्त्व मला पटलं ते निर्ण्याला, आईला फोन लावताना बघून.

तुरीच्या काढणीनं तिची बोटं राठ झालीत. रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा तीन-तीनदा घेत नाही. त्यामुळे मोबाईलनं दाद दिली नाही की दोष ती स्वतःलाच देते. "माझं बोटच लागंना बघ ह्याला," म्हणते आणि जोर लावून दाबते. गोची इथंच होते. काचेला जोर कळत नाही, वेळ कळतो. साधारण अर्धा सेकंद बोट तसंच राहिलं की अँड्रॉइड त्याला लाँग प्रेस समजतं, आणि फोन लागायच्या जागी 'डिलीट'चा मेनू उघडतो. ती घाबरून मोबाईल ठेवून देते. मग आम्ही लावू तेव्हाच तिच्याशी बोलणं.

खरं तर काचेला ठशाच्या रेघांशी देणंघेणं नसतं. बोटानं होणारा विजेचा बारीकसा बदल तिला पुरतो. बोट लागलेलं असतं, ॲप तसं सांगत नाही एवढंच.

अँड्रॉइड 4 मध्ये दाबलेली अख्खी ओळ निळी व्हायची. 2014 मध्ये अँड्रॉइड 5 बरोबर रिपल आलं, पाण्यात खडा पडावा तसं बोटापासून पसरणारं वर्तुळ. देखणं आहे, पण बरेच जण ते इतकं फिकं ठेवतात की अंगणातल्या उन्हात दिसतच नाही. (मला अजून ती निळी ओळच आवडते.)

दिवाळीच्या सुट्टीत मी आईसाठी फ्लटरमध्ये छोटं ॲप केलं. आठ नावं, आठ फोटो. ओळीची उंची निदान 48 डीपी असावी असा गूगलचा संकेत आहे, मी 96 ठेवली. स्प्लॅशकलर गडद भगवा केला. फ्लटर वापरणाऱ्यांसाठी सांगतो, इंकवेलच्या आत रंगीत कंटेनर ठेवला तर रिपल त्याच्यामागे झाकलं जातं. कोड बरोबर आणि दिसत काहीच नाही! तिथं कंटेनरऐवजी इंक वापरा. फोन लागेपर्यंत ओळ भगवीच राहील असं केलं, आणि लाँग प्रेस काढूनच टाकलं.

हौसेनं व्हायब्रेशनही घातलं होतं. "मुंगी चावल्यागत होतंय, काढ ते," म्हणाली. काढलं.

आता ती हलकं टेकवते, रंग दिसला की लगेच बोट उचलते. गेल्या आठवड्यात मीटिंग चालू असताना तिचे दोन फोन आले, दोन्ही वेळा विषय एकच: रेशनच्या मशीननं परत अंगठा घेतला नाही.