चार बोटं टेप

टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची. म्हणजे १० सेकंदांच्या जाहिरातीला ७५ इंच, सव्वासहा फूट. मी स्टुडिओत कामाला लागले त्या आठवड्यात आमच्या रेकॉर्डिस्टकाकांनी तेवढी टेप तोडून दाराच्या चौकटीवरून खाली सोडली. जमिनीला टेकायला थोडीच कमी पडली. "एवढ्यात मावलं पाहिजे," ते म्हणाले. "दुकानाचं नाव, माल, पत्ता, सगळं. आणि ऐकणाऱ्याला धाप लागता कामा नये."

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्या, एवढाच आमचा स्टुडिओ. खिडकीला आतून गादी लावलेली, छतावर कबुतरं, आणि बोळातून भंगारवाला गेला की सगळ्यांनी थांबायचं. तिथं आम्ही विविध भारतीच्या पुणे केंद्रासाठी जाहिराती तयार करायचो. मी लिहायची आणि बहुतेक वेळा वाचायचीही.

रेडिओवर धंदा एफएमनं आणला, असं आजच्या मुलांना वाटतं. आपल्याकडे रेडिओ उभा राहिला तोच धंदा म्हणून. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झालेलं केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं होतं. दीड किलोवॅटचा ट्रान्समीटर, वर्षाला १० रुपये परवाना फी आणि परवाने घेणारे मोजके. तेवढ्यावर गाडा चालेना. १९३० साली कंपनी गुंडाळली गेली आणि रेडिओ सरकारच्या हाती आला. सरकारनं मग बाजाराला दारात उभं केलं नाही. १९५२ नंतर केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना सिनेमाची गाणीही आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि घराघरातले काटे रेडिओ सिलोनकडे वळले. तिथला गाण्यांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, त्याच्या टेपा कोलंबोला जायच्या आणि तिथून तो पुन्हा आपल्याच घरात ऐकू यायचा. जाहिरात इथल्या मालाची, गाणी इथली, निवेदक अमीन सयानींचा आवाज इथला, आणि पैसा मात्र समुद्रापार. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. तिनं गाणी परत आणली, पण जाहिराती आणखी दहा वर्षं नव्हत्या. सरकारनं नेमलेल्या चंदा समितीनं त्या घेण्याची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिरात सेवा सुरू झाली. देशातली ही पहिली तीन शहरं महाराष्ट्रातली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मुंबईच्या मोठ्या एजन्सींकडून केसांच्या तेलाच्या, साबणाच्या, टॉनिकच्या जाहिराती तयार होऊन यायच्या. सुंदर चाली, मोठमोठे गायक. त्यांच्यापुढं आमच्याकडे काय होतं? पत्ता होता. तेल सगळ्या देशात मिळतं, त्याला पत्ता लागत नाही. आमच्या गिऱ्हाइकाचं दुकान मात्र एकाच जागी होतं, आणि ती जागा सांगायला 'पत्र्या मारुतीसमोर' किंवा 'तुळशीबागेच्या मागच्या दारी' एवढं पुरायचं. हे शब्द नागपूरला कळणार नाहीत आणि कळायची गरजही नाही. ते फक्त ह्याच गावातल्या माणसाशी बोलतात. स्थानिक जाहिरात केंद्राचा सगळा जीव त्या दोन-तीन शब्दांत असतो, असं मी मानते. बाकीचं कुणीही लिहील.

हे मला शिकवलं ते रविवार पेठेतल्या एका भांडेवाल्यांनी.

लग्नसराईच्या आधी ते आले. वहीच्या पानावर स्वतःच्या हातानं मजकूर लिहून आणला होता, चांगले साठेक शब्द. मराठीत सावकाश वाचलं तर सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द बसतात. दर १०, २०, ३० सेकंदांचे ठरलेले, आणि त्यांची ऐपत १० सेकंदांची. मी मजकूर कापत कापत पंचवीस शब्दांवर आणला. 'रुखवत मांडायचंय?' अशी सुरुवात केली, कारण त्या दिवसांत तो प्रश्न दर दोन घरांआड चालू असणार हे मला ठाऊक होतं. मग वाटीपासून पिंपापर्यंत, तांबं, पितळ, स्टील. मग 'सुप्रसिद्ध' आणि दुकानाचं नाव. मग सोन्या मारुती चौक.

वाचून झालं, घड्याळ पाहिलं, तर थोडंसं जास्त भरलं. पुन्हा वाचायला वेळ नव्हता, पुढचं गिऱ्हाईक बाहेर बसलेलं. मी टेप कापायला घेतली. दोन्ही स्पूल हातानं मागंपुढं फिरवले की शब्द घरघरत, सावकाश यंत्राच्या हेडवरून जातो, आणि त्याचं टोक नेमकं कुठं आहे ते कानाला कळतं. तिथं पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची. टेप खाचेत बसवायची, ब्लेड तिरकं चालवायचं, कारण सरळ कापलं तर सांध्यावर टक् असा आवाज येतो. मग पाठीमागून पांढरी चिकटपट्टी, नखानं घासून. दुकानाचं नाव आणि पत्ता यांच्यामध्ये मी घेतलेला श्वास होता. तीन इंच, चार बोटं. तो काढला, टोकं जोडली. बरोबर १० सेकंद.

भांडेवाल्यांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "ताई, आवाज झकास आहे. पण दुकान कुठं ते कळायच्या आत संपलं हो."

मी म्हटलं, "अहो काका, सोन्या मारुती चौक म्हटलंय की."

"तुम्ही म्हटलंत. पण माझ्या कानाला ते दुकानाच्या नावातच चिकटलेलं लागलं. चुलीपाशी बसलेल्या बाईला वळून ऐकायला तरी अवधी द्या."

त्यांचं म्हणणं खरं होतं, तंतोतंत खरं होतं. कापलेले तुकडे आम्ही लगेच टाकत नसू, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचो. तो तीन इंचांचा श्वास तिथंच लोंबत होता. मी तो परत जोडला आणि त्याच्या जागी 'सुप्रसिद्ध' काढून टाकलं. काकांनी पैसे दिले आणि जाताना विचारलं, "किती वाजता लागेल?" दुकानात गल्ल्याशेजारी ट्रान्झिस्टर होता. जाहिरात लागल्याचं प्रमाणपत्र बिलाबरोबर मिळायचंच, पण बहुतेक दुकानदार स्वतः ऐकल्याशिवाय समाधान मानत नसत. त्यानंतर मी आयुष्यात एकाही दुकानाला सुप्रसिद्ध म्हटलं नाही.

जुलै २००१ मध्ये बेंगळुरूला रेडिओ सिटी सुरू झालं, ऑक्टोबरात इंदूरला रेडिओ मिर्ची, आणि मग खासगी एफएमची ही लाट पुण्यातही आली. त्या केंद्रांवर बोलणारी मुलं मला आवडली. ती मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत, पण ऐकणाऱ्याला मित्रासारखं हाक मारत. तरी त्यांच्या जाहिरातींना श्वास नव्हता, आणि त्याचं कारण मला मुलांपेक्षा हिशोबात दिसतं. खासगी परवान्यांच्या त्या पहिल्या फेरीत लिलावात बोललेली फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जायची, मिळकत होवो न होवो. मुंबईतल्या विन ९४.६ सारख्या केंद्राला तर शेवटी बंद व्हावं लागलं. २००५ च्या धोरणानं ती पद्धत बदलून मिळकतीच्या ४ टक्क्यांचा वाटा ठरवला, पण तोवर प्रत्येक सेकंद भरून काढायची सवय लागली होती. आवाजाखाली सतत ठेका, शब्दाला शब्द भिडलेला. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, त्यामुळं गावाचं नाव-गाव त्यांच्या बोलण्यात यायला वाट आधीच अरुंद. जाहिरातीतला पत्ता ही त्यातली एक मोठी वाट, आणि तीच घाईत उरकली जायची.

अलीकडं एका तरुणाच्या स्टुडिओत गेले होते. एका मिठाईवाल्याची जाहिरात, मजकूर माझा, आवाज एका मुलीचा, फार गोड. त्यानं एक कळ दाबली आणि पडद्यावरच्या सगळ्या मोकळ्या जागा मिटल्या. शब्द सरकून एकमेकांना टेकले.

"पत्त्याच्या आधीची तेवढी परत आण," मी म्हटलं.

"किती ठेवू, मावशी?"

मी चार बोटं जोडून पडद्यासमोर धरली. त्याला काही उमगेना. मग मी टेपचा वेग सांगितला, तीन इंचांना साडेसातानं भागायला लावलं. त्यानं ०.४ असा आकडा टाकला, शब्द मागं सरकले, मध्ये एक सपाट रेघ उमटली. आम्ही दोघांनी डोळे मिटून ऐकलं.

"अजून एकदा लाव," मी म्हटलं.