रसेल स्ट्रीटचा सिंह

त्याला धड नाही. डोकं आणि दोन पंजे, एवढाच त्याचा देह. हनुवटी पंजांवर, पंजे पेटीवर, आणि जबडा आठही प्रहर वासलेला. १७१३ च्या जुलैत लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डन भागात, रसेल स्ट्रीटवरच्या बटन्स कॉफी हाऊसमध्ये, पश्चिमेकडच्या बाजूला तो येऊन बसला. धाटणी जुन्या इजिप्तच्या सिंहासारखी, पण चेहरा निम्मा सिंहाचा आणि निम्मा जादूगाराचा. चेहऱ्यावर ठसठशीत सुरकुत्या. आणि मिशा अशा, की जो बघेल त्याने तारीफ करावी. हे वर्णन माझ्या पदरचं नाही. ज्याने त्याला तिथे बसवला त्या जोसेफ ॲडिसननेच ते मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलंय, एखाद्या बापाने घरात नवीन आलेल्या बाळाचं नाकडोळं सांगावं तसं.

सिंहाचं काम एकच होतं, लोकांची पत्रं गिळायची. रिचर्ड स्टीलने त्याच वर्षी १२ मार्चला ‘गार्डियन’ नावाचं दैनिक सुरू केलं होतं. (आज त्या नावाने निघतं ते वर्तमानपत्र वेगळं, ते १८२१ मध्ये मँचेस्टरला सुरू झालं.) जुलैच्या सुरुवातीला त्याचा सहकारी ॲडिसन याने ९८व्या अंकात वाचकांना वर्दी दिली की तुमच्यासाठी एक सिंह बसवतोय, जे सांगायचं असेल ते त्याच्या तोंडात टाका. खाली पेटी असेल, किल्ली माझ्याकडे असेल, सिंह जे गिळेल ते पचवून मी लोकांपुढे ठेवीन. आणि आठवड्यातून एकदा सिंहाची डरकाळी छापून येईल. पंधरा-वीस दिवसांनी, २२ जुलैच्या ११४व्या अंकात, सिंह जागेवर बसल्याची बातमी आली.

मी इथे, इंग्लंडात, आमच्या गावच्या मराठी मंडळाची पत्रिका गेली नऊ वर्षं काढते आहे. आठ पानी, वर्षाला सहा अंक. लेख मिळवणं अवघड असतं, पण मिळतात. खरं अवघड असतं ते वाचकाचा आवाज मिळवणं. अंक पोचला की नाही, कुणी उघडला का, कुणाला राग तरी आला का, काही कळत नाही. म्हणून हा सिंह मला जवळचा वाटतो. तीनशे वर्षांपूर्वी दोन हुशार माणसांना हीच काळजी लागली होती आणि त्यांनी तिच्यावर लाकूडकाम करून उत्तर काढलं.

ही माणसं या धंद्यात नवखी नव्हती. आधी ‘टॅटलर’, मग ‘स्पेक्टेटर’. १ मार्च १७११ ला सुरू झालेला ‘स्पेक्टेटर’ रविवार सोडून रोज निघे. दहाव्याच अंकात ॲडिसनने हिशेब मांडला होता, की रोज तीन हजार प्रती जातात आणि एका प्रतीमागे वीस वाचक धरले तर साठ हजार होतात. वीस हा आकडा आज कुणाला फुगवलेला वाटेल, पण कॉफी हाऊसची रीत लक्षात घेतली पाहिजे. एक पेनी टाकायची, कॉफी घ्यायची, आणि टेबलावरचे सगळे कागद फुकट वाचायचे. एकाने मोठ्याने वाचायचं, चौघांनी ऐकायचं. आपल्याकडे पारावर किंवा न्हाव्याच्या दुकानात पेपर फिरायचा तसंच ते. म्हणजे वाचक कुठे बसतो हे या दोघांना पक्कं ठाऊक होतं. सिंह त्यांनी छापखान्यात बसवला नाही, स्वतःच्या घराच्या दारातही नाही. वाचक रोज ज्या खोलीत येऊन बसत तिथे बसवला.

बटन्सचा मालक डॅनियल बटन हा वॉरिकच्या काउंटेसच्या पदरी पूर्वी नोकर होता. त्याला हे दुकान थाटायला मदत ॲडिसनची. पुढे १७१६ मध्ये ॲडिसनचं लग्न त्याच काउंटेसशी झालं. ॲडिसन तिथे जेवायला जाई आणि पाच-सहा तास बसे, कधी रात्री बराच वेळ, असं कवी पोप सांगतो. म्हणजे पेटीची किल्ली ज्याच्या खिशात तो माणूस सिंहापासून चार खुर्च्या सोडून बसलेला असे. सिंहाच्या तोंडात चिठ्ठी टाकणाऱ्याला ते दिसत असणार. मला वाटतं, सिंहाची अर्धी ताकद यातच होती. पत्र टाकलं की ते कुठे जातं आणि कोण वाचतं, हे डोळ्यांसमोर होतं.

सिंहाच्या आधी पत्रं येत नव्हती असं मुळीच नाही. १६९१ मध्ये जॉन डंटनने ‘अथेनियन मर्क्युरी’ काढला तो पूर्णपणे वाचकांच्या प्रश्नांवरच चालला. विचारा काहीही, धर्माचं, लग्नाचं, चंद्राचं, उत्तर छापून मिळेल. ‘स्पेक्टेटर’ची पत्रं लंडनच्या लिटल ब्रिटन रस्त्यावरच्या बकली या मुद्रकाच्या दुकानी येत, काही स्ट्रँडवरच्या चार्ल्स लिली नावाच्या अत्तरवाल्याकडे. या लिलीबद्दल मला फार आपुलकी वाटते. जी पत्रं छापली गेली नाहीत ती त्याने टाकून दिली नाहीत. १७२५ मध्ये, दोन्ही नियतकालिकं बंद पडून वर्षं लोटल्यावर, ‘टॅटलर’ आणि ‘स्पेक्टेटर’ला आलेली न छापलेली पत्रं त्याने दोन खंडांत प्रसिद्ध केली. अत्तराच्या कुप्यांशेजारी ती गाठोडी इतकी वर्षं कुणीतरी सांभाळली, धूळ झटकली, जागा बदलताना बरोबर नेली.

सिंहाची कल्पना आली व्हेनिसवरून. तिथे डोजच्या, म्हणजे राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात भिंतींना असेच सिंहाचे जबडे होते. त्यात नागरिकांनी चिठ्ठ्या टाकायच्या, शेजाऱ्याविरुद्ध, व्यापाऱ्याविरुद्ध, सरकारी माणसाविरुद्ध. भिंतीपलीकडे राज्याचे अधिकारी त्या उघडत. त्या काळच्या इंग्रजीतही ‘सिंह’ म्हणजे हेर असा एक अर्थ चालत होता आणि ॲडिसनने ‘गार्डियन’च्या आधीच्या एका अंकात त्यावर लिहिलंही होतं. तेव्हा भीतीचं हे जनावर त्याने मुद्दाम उचललं आणि त्याचं पोट बदललं. व्हेनिसच्या सिंहाने गिळलेलं बंद खोलीत जाई. रसेल स्ट्रीटच्या सिंहाने गिळलेलं चौकात येई. जबडा तोच, दात तेच, पण एकाच्या पुढे उभं राहताना हात थरथरावा आणि दुसऱ्याच्या पुढे शिवशिवावा. निनावी पत्राचं हेच आहे, ते कुठल्या पोटात जातं यावर त्याची जात ठरते. रसेल स्ट्रीटच्या सिंहाखाली मार्शल या रोमन कवीच्या दोन ओळी लॅटिनमध्ये लावल्या होत्या. आशय असा की ही नखं मोठ्या मानांसाठी राखलेली आहेत, बारीकसारीक सावजाच्या वाटेला हा जात नाही.

आणि लोकांनी काय टाकलं त्याच्या तोंडात? राज्य उलथवणाऱ्या बातम्या नव्हेत. त्या उन्हाळ्यात ‘गार्डियन’मध्ये गाजत होता ‘टकर’. बायकांच्या चोळीच्या गळ्याला लावायची लेसची पट्टी म्हणजे टकर, आणि ती लावायची फॅशन गेली होती. ॲडिसनने त्यावर लिहिलं आणि पत्रांची रांग लागली, बाजूने, विरुद्ध, खऱ्या नावाने, खोट्या नावाने. काही पत्रं संपादकांनी स्वतःच रचली असणार, तो रिवाजच होता. हे मला आवडत नाही, पण कारण समजतं. रिकाम्या अंगणात पहिला माणूस नाचायला उतरत नाही, कुणाला तरी फेर धरावा लागतो. एकदा फेर सुरू झाला की खरी माणसं येतात, आणि मग मात्र खोटी पत्रं थांबवायला हवीत.

आपल्याकडे पत्राने काय करता येतं हे लोकहितवादींनी दाखवलं. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांची पत्रं येत गेली, एकशे आठ, तरी नाव ‘शतपत्रे’च पडलं. संपादकाला उद्देशून एक वाचक लिहितो आहे, असा तो घाट. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षं जवळजवळ एकहाती लिहिली. तो थोर उद्योग होता. तरी मला ‘निबंधमाला’ वाचताना दालनात एकच भरदार आवाज ऐकू येतो, आणि समोर बसलेली माणसं काय म्हणत असतील याची हुरहुर लागते. १८८१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तमानपत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘केसरी’, म्हणजे सिंहच. पुण्याचा सिंह गर्जना करण्यासाठी जन्मला, लंडनचा ऐकण्यासाठी. ऐकणाऱ्या सिंहाची मूर्ती मला आपल्याकडे अजून कुठे दिसलेली नाही.

चार वर्षांपूर्वी, गणपतीत, मी सिंहाची नक्कल केली. काजूकतलीचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली, वर कागद चिकटवून ‘पत्रिकेसाठी पत्रं’ असं लिहिलं, आणि हॉलच्या दाराशी, चपलांच्या रांगेशेजारच्या टेबलावर ठेवला. बाजूला पेन दोरीने बांधलं. त्याआधी दोन वर्षं मी अंकाच्या शेवटच्या पानावर ‘आपला अभिप्राय जरूर कळवा’ असं छापत होते आणि एकही अभिप्राय आला नव्हता. डब्यात पाच दिवसांत अकरा चिठ्ठ्या पडल्या. तीन आमटीबद्दल. एक मुलाची, त्यात नुसता उंदीर काढलेला. आणि एक चार पानी पत्र, पाठपोट, शाईच्या पेनाने, घरून लिहून आणलेलं. सांगलीहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींचं. पत्रात बरंच काही होतं, दुपारी चारला पडणाऱ्या अंधाराबद्दल ऐकलेलं, नातवाच्या मराठीबद्दल, पण प्रश्न एकच होता: इथल्या थंडीत तुम्ही इडलीचं पीठ फुगवता तरी कसं?

दिवाळीचा अंक लेखांनी भरला होता. मी ते पत्र पुढच्या अंकासाठी ठेवलं. पुढच्या अंकात वार्षिक सभेचा वृत्तान्त आला. पत्र छापलं ते मार्चमध्ये. तोवर आजींचा व्हिसा संपून त्या परत गेल्या होत्या. मंडळात कुणी मला काही बोललं नाही. पण आजींच्या लेकीला फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आई दोन्ही वेळा अंक आल्या आल्या शेवटचं पान बघायची हो.” त्या दिवसापासून लिलीची ती दोन खंडांतली पत्रं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. प्रत्येक न छापलेल्या पत्रामागे शेवटचं पान उघडून बघणारं कुणीतरी असतं.

खुद्द सिंहाच्या वाट्यालाही असं वाट बघत राहणं आलं. १ ऑक्टोबर १७१३ ला ‘गार्डियन’ बंद पडला, १७५ अंक काढून. स्टीलला राजकारण खुणावत होतं, डंकर्कच्या किल्ल्यावरून त्याने सरकारशी भांडण मांडलं होतं, तो पार्लमेंटवर निवडून आला होता. म्हणजे सिंहाची खरी नोकरी जेमतेम दहा आठवड्यांची. १७१९ मध्ये ॲडिसन गेला, स्टील पुढे वेल्समध्ये जाऊन राहिला, बटन्सची वर्दळ ओसरली. सिंह मात्र कुणी टाकला नाही. तो शेक्सपिअर्स हेड नावाच्या खानावळीत गेला. १७५१ मध्ये जॉन हिल नावाच्या लेखकाने ‘इन्स्पेक्टर’ हे रोजचं सदर सुरू केलं तेव्हा बेडफोर्ड कॉफी हाऊसमध्ये त्याला पुन्हा पत्रं गिळायला बसवलं. मग परत खानावळीत. मालक बदलत गेले, सिंह सामानाबरोबर हस्तांतरित होत गेला. १८०४ च्या नोव्हेंबरात एका हॉटेलवाल्याने तो साडेसतरा पौंडांना विकत घेतला. त्याच्या मुलाकडून तो बेडफोर्डच्या ड्यूकांकडे आणि तिथून वोबर्न ॲबी या त्यांच्या वाड्यात पोचला. मी राहते तिथून वोबर्न अर्ध्या तासावर आहे.

नोकरी दहा आठवड्यांची आणि मान शंभर वर्षांचा, असं का झालं असावं? खानावळवाल्यांना ॲडिसनचे निबंध पाठ नव्हते. पण उघड्या तोंडाची एक वस्तू आपल्या भिंतीवर आहे, तिने कधीकाळी गावातल्या कुणाचंही ऐकून घेतलं होतं, हे त्यांना माहीत होतं. अशी वस्तू मोडीत घालायला हात धजत नाही.

आजींचं पत्र मार्चच्या अंकात आलं ते पूर्ण, एक ओळ न गाळता. सप्टेंबरात पुन्हा डबा ठेवला, यावेळी छोटं कुलूप लावून. उघडला तेव्हा सत्तावीस चिठ्ठ्या होत्या. एकीने लिहिलं होतं की ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा चालू करायचा आणि पातेलं रात्रभर त्यात ठेवायचं. दुसरीने लिहिलं होतं, ओव्हन नको, एअरिंग कबर्ड बघा, गरम पाण्याच्या टाकीशेजारी टॉवेल ठेवतो ना, तिथे बारा तासांत पीठ भांड्याबाहेर येतं. तिसऱ्या एका गृहस्थांनी मेथीचे दाणे किती, उडीद किती, हे वजनासकट दिलं होतं. मी त्या उलगडून टेबलावर मांडल्या आणि मग लक्षात आलं की यातल्या सहा चिठ्ठ्यांवर मायना ‘संपादक’ असा नव्हताच. त्यांवर लिहिलं होतं, ‘सांगलीच्या आजींना, सा. न.’